युरेनियमला जिवाणूंचे कुलूप

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, कोलोरॅडो नदीच्या काठी रायफल नावाचे लहानसे गाव आहे. २००२ च्या उन्हाळ्यात या गावाजवळच्या एका ओसाड जागेवर शास्त्रज्ञांनी ओळीने वीस विंधनछिद्रे घेतली आणि तीन महिने त्यांतून जमिनीखालच्या पाण्यात ॲसिटेट सोडले. ॲसिटेट म्हणजे व्हिनेगरमधल्या आम्लाचा क्षार. विषारी नाही, दुर्मीळही नाही. पाणी ज्या दिशेने वाहत होते त्या बाजूला आणखी पंधरा छिद्रे होती, ती फक्त नमुने घेण्यासाठी. भूजलात युरेनियम होते आणि ते कमी होते का, हे पाहायचे होते.

नऊ दिवसांतच ते कमी होऊ लागले. पन्नास दिवसांत काही छिद्रांमधले प्रमाण सरकारी मर्यादेच्या खाली गेले. कोणताही गाळण संच नव्हता, पाणी उपसून शुद्धही केले नव्हते. हे काम तिथल्याच मातीत राहणाऱ्या जिवाणूंनी केले होते. ॲसिटेट हे त्यांचे खाद्य होते.

या प्रयोगाची आणि त्यानंतरच्या अनेक प्रयोगांची बातमी जगभर एकाच मथळ्याखाली फिरत आली आहे : ‘युरेनियम खाणारे जिवाणू’. मथळा आकर्षक आहे, पण चुकीचा आहे, आणि ही चूक निरुपद्रवी नाही. खाल्लेली वस्तू संपते. युरेनियम संपत नाही. जिवाणू त्याला विरघळलेल्या रूपातून न विरघळणाऱ्या रूपात नेतात आणि ते मातीच्या कणांवर बसते. म्हणजे घरातला चोर बाहेर काढलेला नसतो, त्याला एका खोलीत कोंडलेले असते. कुलूप मजबूत असेल आणि पहारा कायम असेल तर हे उत्तम. मात्र पहारा किती वर्षे, तो कोण देणार, आणि तोवर त्या विहिरीचे पाणी पिणाऱ्यांनी काय करायचे, हे प्रश्न ‘खाणारे’ या एका शब्दाआड झाकले जातात.

आधी युरेनियम पाण्यात येते कसे आणि शरीरात काय करते ते पाहू. रायफलला १९२४ पासून १९५८ पर्यंत व्हॅनेडियम आणि युरेनियमच्या खनिजावर प्रक्रिया करणारी गिरणी होती. उरलेला चुरा तिथेच ढिगाने पडून राहिला आणि पावसापाण्याबरोबर त्यातले युरेनियम खाली झिरपले. १९९० च्या दशकात ते ढीग उचलून दुसरीकडे सुरक्षित जागी पुरण्यात आले. जमिनीवरची जागा स्वच्छ झाली. पाण्यात उतरलेले युरेनियम मात्र भूजलाच्या नैसर्गिक प्रवाहाबरोबर साधारण दहा वर्षांत वाहून जाईल, असे गणित मांडले गेले. ते गणित चुकले. युरेनियम तिथेच रेंगाळले आणि म्हणूनच रायफल ही जागा पुढे जिवाणूंच्या प्रयोगांची मोठी शाळा झाली.

पाण्यातल्या युरेनियमचे नाव काढले की लोकांना किरणोत्सर्ग आठवतो. निसर्गात आढळणाऱ्या युरेनियमचा किरणोत्सर्ग त्या मानाने सौम्य असतो. पिण्याच्या पाण्यातून होणारा त्याचा मुख्य त्रास रासायनिक आहे, शिसे किंवा पाऱ्यासारख्या जड धातूचा. पोटात गेलेल्या युरेनियमपैकी जेमतेम एक-दोन टक्के रक्तात शोषले जाते, बाकीचे शौचावाटे निघून जाते. रक्तात गेलेल्यापैकी बराच भाग मूत्रपिंडे काही दिवसांत बाहेर टाकतात आणि थोडा हाडांमध्ये साठतो. बाहेर टाकण्याच्या या कामातच मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नलिकांना इजा होऊ शकते. फिनलंडमध्ये खोल विंधनविहिरींचे पाणी पिणाऱ्या ३२५ जणांची तपासणी झाली होती. त्यांच्यातल्या काहींच्या पाण्यात युरेनियम लिटरमागे हजार मायक्रोग्रॅमच्याही वर होते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मूत्रपिंडे निकामी झाल्याचे दिसले नाही, पण युरेनियम जास्त तिथे नलिकांच्या कामात सूक्ष्म फरक दिसला. थोडक्यात, घाबरून जावे असा हा विषय नाही आणि झटकून टाकावे असाही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आणि अमेरिकेने पिण्याच्या पाण्यासाठी लिटरमागे ३० मायक्रोग्रॅम ही मर्यादा ठेवली आहे. भारतीय मानकातही आता तीच आहे.

आता जिवाणूंकडे वळू. १९८७ मध्ये डेरेक लव्हली या अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाला वॉशिंग्टनजवळच्या पोटोमॅक नदीच्या गाळात एक अजब जिवाणू सापडला. माणूस अन्नातून ऊर्जा मिळवतो तेव्हा शेवटी उरलेले इलेक्ट्रॉन ऑक्सिजनच्या हवाली करतो; श्वास घ्यायचा तो त्यासाठीच. ऑक्सिजन नसलेल्या चिखलात राहणाऱ्या या जिवाणूने तेच इलेक्ट्रॉन मातीतल्या गंजासारख्या लोहाला द्यायची सवय लावून घेतली होती. म्हणायचे तर तो लोखंडावर श्वास घेत होता. या कुळाला जिओबॅक्टर असे नाव मिळाले. १९९१ मध्ये लव्हली आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले की हाच जिवाणू लोहाऐवजी युरेनियमलाही इलेक्ट्रॉन देऊ शकतो.

सगळे मर्म इथे आहे. ऑक्सिजनयुक्त पाण्यात युरेनियम ज्या रूपात असते ते सहज विरघळते, विशेषतः पाण्यात कार्बोनेट असतील तर. त्याला दोन इलेक्ट्रॉन मिळाले की त्याचे रूप बदलते आणि ते पाणी सोडून कणांच्या रूपात खाली बसते. जिओबॅक्टर हे इलेक्ट्रॉन शरीराबाहेर पोचवतो, केसापेक्षा कितीतरी बारीक अशा प्रथिनांच्या तारांमधून. युरेनियम पेशीच्या आत न येता बाहेरच बांधले गेले तर जिवाणूही वाचतो. असे जिवाणू बाहेरून आणून सोडावे लागत नाहीत. ते मातीत असतातच, पण उपाशी असतात. रायफलला त्यांना फक्त जेवायला वाढले गेले.

इथपर्यंतची गोष्ट सुखाची आहे. पण तोच प्रयोग पन्नास दिवसांनंतरही चालू होता आणि त्याचा उत्तरार्ध फारसा कोणी सांगत नाही. जिओबॅक्टरला हवे असलेले लोह आसपासच्या मातीतून संपत आले. मग त्याच खाद्यावर दुसऱ्या जातीचे जिवाणू वाढले, सल्फेटवर जगणारे. पाण्यातले सल्फेट घटले, सल्फाइड वाढले, जिओबॅक्टर अल्पसंख्य झाले आणि पाण्यातले युरेनियम पुन्हा वर चढू लागले. हे लपवलेले नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात शास्त्रज्ञांनी स्वतःच ते स्पष्ट लिहिले आहे. लपले ते मथळ्यांमध्ये.

दुसरे उदाहरण टेनेसी राज्यातल्या ओक रिजचे. तिथल्या वाय-१२ या अणुकारखान्याचे सांडपाणी १९५१ ते १९८३ या काळात चार उघड्या तळ्यांत सोडले जात होते. त्यात नायट्रिक आम्ल होते आणि युरेनियमही. तळी बुजवून त्यांवर वाहनतळ केला गेला, पण खालच्या भूजलात युरेनियम सुरक्षित मर्यादेच्या हजारपटीहून जास्त उरले. स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि ओक रिज प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी तिथे आधी पाण्याची आम्लता आणि नायट्रेट कमी केले, कारण त्या पाण्यात जिवाणूंचे काम चालणेच कठीण होते. मग जिवाणूंना इथेनॉल पाजायला सुरुवात केली. दोनेक वर्षांच्या नेटाने काही छिद्रांतले युरेनियम लिटरमागे ३० मायक्रोग्रॅमच्या खाली आले. इतक्या खराब जागी हे मोठेच यश होते. त्यानंतर त्यांनी मुद्दाम ऑक्सिजन असलेले पाणी आत सोडून पाहिले. ऑक्सिजन जिथे पोचला तिथले युरेनियम पुन्हा विरघळू लागले. इथेनॉल पुन्हा सुरू केल्यावर ते उतरले.

खाद्य सारखे द्यावे लागू नये म्हणून २००९ मध्ये त्याच परिसरात वनस्पती तेलाचे दुधाळ मिश्रण एकदाच जमिनीत सोडले गेले. तेल हळूहळू कुजते, त्यामुळे जिवाणूंची शिदोरी जास्त दिवस पुरते. परिणाम सुमारे वर्षभर टिकला. युरेनियमच्या मुख्य प्रकाराचे अर्धायुष्य ४४७ कोटी वर्षांचे आहे. त्याच्यासमोर वर्षभराची शिदोरी ठेवून पाहिली की या उपायाचे खरे माप कळते.

कुलपाच्या दर्जाचाही प्रश्न आहे. जिवाणू युरेनियमचे रूपांतर युरेनिनाइट नावाच्या स्फटिकात करतात, असे आधी मानले जात होते. खाणीत सापडते ते हेच खनिज आणि ते बऱ्यापैकी स्थिर असते. पण रायफलच्या मातीचे नमुने बारकाईने तपासल्यावर दिसले की बरेचसे युरेनियम स्फटिक न बनता जिवाणूंच्या अवशेषांना आणि फॉस्फेटसारख्या गटांना नुसते चिकटून राहते. असे सैल बांधलेले युरेनियम सुटायला सोपे असते. पूर आला, भूजलाची पातळी वरखाली झाली, शेतातले नायट्रेट झिरपले, तर ते पुन्हा पाण्यात येऊ शकते.

मग हा उपाय टाकाऊ आहे का? अजिबात नाही. वैद्यकशास्त्रात अशा उपायांना कोणी टाकाऊ म्हणत नाही. फोड फाडला की आजार संपतो, पण मधुमेह असा संपत नाही. त्याला रोज आवरावे लागते. साखर तपासायची, औषध घ्यायचे, मात्रा बदलायची आणि हे आयुष्यभर. इन्सुलिनने मधुमेह बरा होत नाही म्हणून इन्सुलिनला कोणी नावे ठेवत नाही. पण महिनाभर साखर आटोक्यात आली म्हणून एखाद्या डॉक्टरने रुग्णाला ‘तुम्ही बरे झालात, आता औषध बंद’ असे सांगितले, तर तो गुन्हा ठरेल. जिवाणूंच्या साहाय्याने केलेली भूजल स्वच्छता ही याच जातीची गोष्ट आहे. ती शस्त्रक्रिया नसून दीर्घ मुदतीचा औषधोपचार आहे. ज्या जागेला कायमचा मालक आहे, दरवर्षी तपासणीसाठी पैसा आहे, आणि जिथले पाणी आज कोणी पीत नाही, अशा जागी तिचा उपयोग आहे. युरेनियम नदीपर्यंत पोचू न देणे, त्याचा वेग कमी करणे, हेही मोठे काम आहे. पाणी वर्षानुवर्षे उपसून शुद्ध करण्यापेक्षा ते स्वस्तही पडू शकते.

औषध म्हटले की दुष्परिणाम आलेच. लोहावर श्वास घेणारे जिवाणू वाढले की मातीतले लोह विरघळते आणि त्या लोहाला चिकटून बसलेला आर्सेनिकही मोकळा होऊ शकतो. रायफललाही ॲसिटेट दिल्यावर भूजलात आर्सेनिक वाढल्याचे आढळले. बंगालच्या त्रिभुज प्रदेशातल्या हातपंपांच्या पाण्यात जे आर्सेनिकचे संकट आहे, त्यामागे हीच नैसर्गिक प्रक्रिया असल्याचे मानले जाते. तिथे जिवाणूंना कोणी खाद्य दिले नव्हते, गाळातल्या कुजक्या वनस्पतींनीच ते पुरवले. एका विषाला बसवणारी क्रिया दुसऱ्याला उठवू शकते, याचा याहून बोलका दाखला सापडणार नाही.

भारतात हा विषय महत्त्वाचा आहे तो वेगळ्या कारणाने. पंजाबचा माळवा भाग आणि राजस्थान इथल्या भूजलात युरेनियम आहे, पण ते बहुतांशी कारखान्याचे सांडपाणी नाही. ते खडकांमधून आणि गाळातून आलेले नैसर्गिक युरेनियम आहे. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात राजस्थान आणि गुजरातमधल्या ३२४ विहिरी तपासल्या गेल्या. त्यांपैकी राजस्थानातल्या जवळपास एक तृतीयांश विहिरींत युरेनियम मर्यादेपेक्षा जास्त होते. पाण्यातले बायकार्बोनेट युरेनियमला विरघळलेले ठेवतात. अतिउपशाने पातळी खाली गेली की खडकांपर्यंत ऑक्सिजन पोचतो. खतांतले नायट्रेटही त्यात भर घालते. म्हणजे मूळ युरेनियम निसर्गाचे असले तरी ते पाण्यात उतरवण्यात माणसाचा हात आहे.

रायफलचा उपाय इथे उचलून आणता येणार नाही. तिथे एका गिरणीच्या आवारापुरते दूषित पाणी होते, इथे जिल्हेच्या जिल्हे आहेत. कॅल्शियम आणि कार्बोनेट भरपूर असलेल्या पाण्यात युरेनियम अशा संयुगांत बांधलेले असते की जिवाणूंचे काम मंदावते. शिवाय दरवर्षी पाणी उपसले जाते, शेतात फिरते, ऑक्सिजन आणि नायट्रेट घेऊन परत झिरपते. अशा ठिकाणी जमिनीत कुलूप लावायचे आणि वरून रोज किल्ली फिरवायची, असा प्रकार होईल. त्यात हे पाणी लोक आजच पीत आहेत.

जिवाणूंना जमिनीऐवजी टाकीत कामाला लावणे हा वेगळा मार्ग आहे आणि त्यात मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचे काम उल्लेखनीय आहे. डायनोकॉकस रेडिओड्युरन्स नावाचा जिवाणू किरणोत्सर्गाला दाद देत नाही. १९५६ मध्ये तो अमेरिकेत सापडला तोच किरणांनी निर्जंतुक केलेल्या, तरीही नासलेल्या डबाबंद मांसात. भाभा केंद्राच्या शास्त्रज्ञांनी या चिवट जिवाणूत विषमज्वराच्या जंतूचे एक जनुक बसवले. त्या जनुकामुळे तयार होणारे विकर फॉस्फेट सुटे करते आणि ते फॉस्फेट युरेनियमला पकडून खाली बसवते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात द्रावणातले ९० टक्क्यांहून अधिक युरेनियम सहा तासांत बाहेर आले. त्या जिवाणूंना ६,००० ग्रे इतका गॅमा किरणांचा मारा दिल्यावरही त्यांचे काम चालू राहिले. माणसाच्या सर्वांगाला चार-पाच ग्रे मिळाले तर उपचारांअभावी जीव जाऊ शकतो, यावरून या जिवाणूची ताकद समजावी. पिढ्यानपिढ्या माणसे आजारी पाडणाऱ्या विषमज्वराच्या जंतूचे जनुक असे कामी यावे, हा विज्ञानाचा गोड सूड म्हणायला हरकत नाही. मुख्य म्हणजे टाकीत खाली बसलेले युरेनियम खरोखर बाहेर काढता येते, मोजता येते आणि बंदिस्त ठेवता येते. पण हे संशोधन अणुउद्योगातल्या सांडपाण्यासाठी आहे. घरच्या माठासाठी नाही.

घरच्या माठासाठीचा उपाय कमी रोमांचक आहे. पहिली गोष्ट म्हणजे पाण्याची तपासणी. युरेनियमला रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी उकळून ते जात नाही, उलट वाफ गेल्याने उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण वाढते. तुरटी फिरवून किंवा क्लोरीनचे थेंब टाकून घरात ते सुरक्षित होईल, असे समजू नये. आरओ यंत्र ते काढते, पण काढलेले युरेनियम यंत्राच्या वाया जाणाऱ्या पाण्यात जाते आणि ते पाणी गटारात किंवा परसात सोडले की पुन्हा जमिनीत. म्हणून गावासाठी सर्वांत चांगला उपाय बहुधा जुनाच ठरतो : दुसरा स्वच्छ स्रोत, नळाचे तपासलेले पाणी, आणि ते येईपर्यंत गावपातळीवर देखभाल असलेला शुद्धीकरण संच. पिण्यास्वयंपाकाचे पाणी आधी बदलावे, कारण अंगावर घेतलेल्या पाण्यापेक्षा पोटात जाणारे पाणी महत्त्वाचे.

जिवाणूंवरचे संशोधन थांबावे असा याचा अर्थ मुळीच नाही. रायफल आणि ओक रिजने शिकवलेले ज्ञान अमूल्य आहे. युरेनियम जमिनीखाली कसे वागते, हे त्याआधी इतके नीट ठाऊक नव्हते. दहा वर्षांत वाहून जाईल हे गणित का चुकले, याचे उत्तरही याच प्रयोगांतून उलगडत गेले. भारतातल्या युरेनियम खाणी आणि चुऱ्याच्या तळ्यांभोवतीच्या भूजलासाठी हे ज्ञान उद्या कामाला येईल. मागणी एवढीच की यश मोजताना घड्याळ लवकर थांबवू नये. पन्नासाव्या दिवशीचा आकडा छापला तर शंभराव्या दिवशीचाही छापावा. प्रकल्पाला मंजुरी देताना पहिल्या तीन वर्षांच्या खर्चासोबत तिसाव्या वर्षी नमुना कोण घेणार, याचे उत्तरही मागावे. आणि जिथे त्या पाण्यावर माणसे जगतात तिथे प्रयोगाच्या छिद्रातला आकडा दुय्यम मानावा. पेल्यात काय आले, ते आधी पाहावे.

जिवाणूंनी त्यांचे काम प्रामाणिकपणे केले आहे. खायला मिळाले तोवर त्यांनी पहारा दिला, ते संपले तेव्हा सोडला. पुढचा पहारा माणसांचा आहे, आणि तो अर्थसंकल्पाच्या वर्षापेक्षा जास्त टिकायला हवा.